एक कोयता, दोन बाटल्या : ऊसतोडीच्या हंगामात एचआयव्ही प्रतिबंधक गोळी पोचवताना

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, एका कोयत्याची, हिशोब एका कोयत्याचा, खाडा पडला तर दंडही त्याच कोयत्याला. ऑक्टोबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातलं असंच एक जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, तिचा निगेटिव्ह. तो अठ्ठावीसचा, ती तेवीसची, मांडीवर चार वर्षांची मुलगी. दसरा तोंडावर आलेला. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि घराच्या पत्र्यांवर खर्चही झालेली. महिनाभरात टोळी सांगलीकडे निघणार होती.

मी या भागातल्या एका स्वयंसेवी संस्थेत समुपदेशक आहे. ओळख कळू नये म्हणून वयं आणि काही खुणा बदलल्या आहेत. या एका जोडप्यामुळे आमच्या कामाचं वर्षाचं वेळापत्रकच बदललं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तिने विचारलेला प्रश्न

त्याच्या छातीवर नागीण उठली होती. आधी गावात मंत्र घालून झाला, गेरूचा लेप झाला. आग थांबेना तेव्हा तो सरकारी दवाखान्यात गेला. तरुण माणसाला एवढी नागीण म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पाठवलं. तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी झाली, तिन्ही पॉझिटिव्ह. 2017 पासून आपल्याकडे पांढऱ्या पेशी किती उतरल्या हे बघत थांबत नाहीत. निदान झालं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार, सुरू करतात. त्यालाही चार-पाच दिवसांत टीएलडीची, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशा तीन औषधांची एकत्र गोळी मिळाली. रोज एक, मोफत. सरकारी यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं.

तिचं काय, हा प्रश्न मात्र कुणाच्याच कागदावर नव्हता. 'निगेटिव्ह, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, निरोध वापरा' एवढं तिच्या वाट्याला आलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, ह्यांना झालंय म्हणून ह्यांना गोळी. मला हुऊ नये म्हणून न्हाई का एखादी?"

अशी गोळी आहे. तिचं नाव प्रेप, लागण होण्याआधीच घ्यायची. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं असलेली ही गोळी अमेरिकेत 2012 मध्ये प्रतिबंधासाठी मंजूर झाली. जास्त जोखीम असलेल्या सगळ्यांना ती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं. गोळी रोज घेतली तर औषध रक्तात आणि योनीच्या ऊतींत साठून राहतं, विषाणू आत आला तरी त्याला आपल्या प्रती काढता येत नाहीत आणि तो पाय रोवू शकत नाही. मी अनेक वर्षं समुपदेशन करते. तरी त्या दिवशी तिने विचारेपर्यंत ही गोळी मी आपणहून तिच्यापुढे ठेवली नव्हती. महामार्गावरच्या धंदेवाल्या बायकांच्या बैठकीत प्रेपवर बोलायचे. लग्नाच्या बाईसमोर तो शब्द माझ्या तोंडी यायचा नाही. ही माझी चूक होती आणि ती मला अजून बोचते.

हीच सहा महिन्यांची फट का

नवऱ्याने एआरटी नियमित घेतली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका उतरला की तपासणीत विषाणू सापडतच नाही आणि तो तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. मोठमोठ्या अभ्यासांतून हे पक्कं झालेलं आहे. अडचण मधल्या काळाची असते. गोळी सुरू झाली म्हणून विषाणू दुसऱ्या दिवशी गायब होत नाही, आणि आपल्या कार्यक्रमात पहिला व्हायरल लोड सहा महिन्यांनी करतात. तोवर ती उघड्यावर. तिचे ते सहा महिने म्हणजे पूर्ण ऊसतोडीचा हंगाम होता.

निरोध वापरा असं सांगणं सोपं आहे. पाचटाच्या कोपीत, शेजारी दहा कोप्या, पहाटे तीनला उठून फडावर जायचं, रात्री गाडी भरायला कधीही हाक येणार. अशा जगण्यात बाईने नवऱ्याला रोज 'आधी निरोध' म्हणून अडवावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्यात या दोघांना दुसरं मूल हवं होतं. सासूने तर तारीखच धरली होती.

केनिया आणि युगांडात 4,747 जोडप्यांवर झालेला एक मोठा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जोडप्यांतही एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशीच स्थिती होती. ही दोन औषधांची गोळी मिळालेल्या निगेटिव्ह जोडीदारांत लागण 75 टक्क्यांनी कमी झाली. पुढे तिथेच, पॉझिटिव्ह जोडीदाराची एआरटी स्थिरावेपर्यंत दुसऱ्याला प्रेप देऊन पाहिली, तेव्हा लागण जवळपास थांबली. आपल्या देशात कोलकात्याच्या सोनागाचीत दुर्बार आणि म्हैसूरमध्ये अशोदया या धंदेवाल्या बायकांच्याच संघटनांनी सुमारे 1,300 जणींपर्यंत ही गोळी नेली. गोळ्या नेमाने घेतल्या गेल्या आणि एकीलाही लागण झाली नाही. घरोघरी आठवण करून देणाऱ्या बायका त्यांच्यातल्याच होत्या, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या काही अभ्यासांत बायकांनी बाटल्या नेल्या पण गोळ्या फारशा घेतल्या नाहीत, आणि तिथे औषधाचा उपयोग दिसला नाही.

गोळी होती, वाट नव्हती

आमच्या भागात ही गोळी तेव्हा सरकारी खिडकीवर मिळत नव्हती. डॉक्टरची चिठ्ठी, बाहेरचं मेडिकल आणि रोख पैसे, एवढाच मार्ग.

पहिल्या खासगी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. "नवरा औषध घेतोय ना, मग हिला कशाला?" व्हायरल लोडचा मधला काळ मी समजावून सांगितला, तरी त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मार्गदर्शक सूचना वाचल्या आणि तपासण्या लिहून दिल्या. या तपासण्यांत काटकसर चालत नाही. क्रिएटिनिन बघावं लागतं, कारण टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं. हिपॅटायटिस बी बघावा लागतो, कारण तो असताना ही गोळी मध्येच सोडली तर यकृताला एकदम सूज येऊ शकते. आणि एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री तर हवीच. लागण आधीच झालेली असेल तर दोन औषधं पुरी पडत नाहीत आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो.

खात्रीचाच प्रश्न अवघड होता. शेवटचा संबंध कधी आला, हे मी तिला एकटीला विचारलं. 72 तासांच्या आत असता तर आधी 28 दिवसांचा पेपचा, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायला लगेच सुरू करायच्या औषधांचा, कोर्स द्यावा लागला असता. नागिणीच्या आगीमुळे पंधरा-वीस दिवस तो जवळच आला नव्हता. ताप, पुरळ, गाठी असं तिला काही नव्हतं. ठरलं असं : 30 गोळ्यांची एक बाटली आज, महिन्याने पुन्हा तपासणी, ती निगेटिव्ह आली तर पुढच्या तीन बाटल्या एकदम. बायकांत पहिले सात दिवस गोळीचा भरवसा धरायचा नसतो. ते सात दिवस निरोध वापरायचं किंवा लांब राहायचं, असं दोघांनी आमच्यासमोर कबूल केलं.

मग मेडिकल. चिठ्ठी वाचून काउंटरवरचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "हे एड्सचं औषध आहे, मागवावं लागंल." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती पदर ओढून बाहेर निघून गेली. तिच्यासोबत मीच गेले होते, म्हणून निदान मी तिला थांबवू शकले. त्या दिवसानंतर आम्ही कुणालाच चिठ्ठी घेऊन दुकानात पाठवत नाही. दुसऱ्या एका दुकानदाराशी बोलून ठेवलं, औषध संस्थेच्या नावाने मागवतो आणि बाटली आमच्या खोलीतच देतो.

पैशाचं सांगायचं तर महिन्याची बाटली हजाराच्या वर जाते. जानेवारी 2024 मधल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला, पण तो पैसा उचलीत वळता होतो. फडावर बाईच्या हातात रोख येते ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून, आणि त्यात आठवड्याचा बाजार भागतो. त्यातून बाटली घे असं तिला सांगणं म्हणजे मुलीचं दूध तोड असं सांगणं. काही देणगीदारांचे पैसे आमच्याकडे होते, त्यातून तिचा हंगाम काढला. सगळ्यांचा निघणार नाही, हे तेव्हाच दिसत होतं.

फडावर

नोव्हेंबरमध्ये, दिवाळी उलटल्यावर, निघायच्या दोन दिवस आधी तिची दुसरी तपासणी झाली. निगेटिव्ह. तीन बाटल्या तिला दिल्या, आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली.

तिला अक्षरओळख नाही. त्याची बाटली आणि तिची बाटली लांबून सारख्याच दिसतात. तिने चुकून त्याची गोळी घेतली तर एक वेळ फार बिघडत नाही. तो तिची घेत राहिला तर त्याच्या उपचारात एक औषध कमी पडेल आणि विषाणू डोकं वर काढील. ती म्हणाली, "थांबा." कनवटीला बांधलेला लाल दोरा सोडून तिने आपल्या बाटलीच्या मानेला दोन वेढे दिले. त्याची बाटली तशीच ठेवली. आता आम्ही सगळ्याच जोडप्यांना असं करून देतो.

वेळेचा घोळ झाला. आम्ही नेहमीप्रमाणे रात्री जेवणानंतरची वेळ सांगितली होती. आठ दिवसांत तिचा फोन आला. रात्री ट्रॅक्टर आला की जेवण राहतं, गोळी राहते, माणूस बसल्या जागी झोपतो. ज्या क्षणी दोघं नक्की एकत्र आणि जागी असतात असा दिवसातला एकच क्षण तिला सापडला : पहाटे फडावर निघायच्या आधी चुलीवरचा चहा. तेव्हापासून दोन्ही गोळ्या त्या चहाबरोबर. ही वेळ मला सुचली नसती. ज्याचा दिवस आहे त्यालाच ती सुचते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. बाटली वाजायची. पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवली तरी पेटी उचलली की खुळखुळ ऐकू यायचं, आणि शेजारच्या कोपीतली बाई विचारायची, काय गं आणलंय? तिने बाटलीत कापसाचा बोळा घातला. आवाज बंद.

डिसेंबरअखेर फड बदलला तेव्हा सामान दुसऱ्या टोळीच्या ट्रॉलीत गेलं आणि पेटी चार दिवसांनी हाती लागली. चार दिवस दोघांचंही औषध नाही. तिने फोन करून विचारलं ते बरं झालं. तिला पुन्हा पहिल्यासारखं सात दिवस जपायला सांगितलं. त्याला झालेला खंड त्याच्या एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना कळवला, त्यांनी त्याच्याशी बोलून नीट सावरलं.

फेब्रुवारीत तिची तीन महिन्यांची तपासणी होती. खाडा पडला की दंड, म्हणून ती टाळणार हे मला दिसत होतं. ऊसपट्ट्यातल्या एका आयसीटीसीच्या समुपदेशक ताईंशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. कारखान्यात काही बिघाड होऊन एक दिवस तोड बंद राहिली, त्या दिवशी ही दोघं तिथे पोचली. ताईंनी रांगेत न थांबवता रक्त घेतलं. निगेटिव्ह. त्या अनोळखी ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

जिथे आम्ही कमी पडलो

याच हंगामात आम्ही आणखी काही जणींना गोळी सुरू केली होती. एकीने मळमळीने दहाव्या दिवशी सोडली. पहिले काही आठवडे असं होतं, मग सहसा थांबतं, हे आम्ही तिला सांगितलं होतं. पण मळमळ म्हटली की गावात लगेच 'दिवस गेले का' असं विचारतात, हे लक्षात घेतलं नव्हतं.

दुसरीचं जास्त वाईट झालं. ती फडावर गेलीच नव्हती, घरी सासूजवळ होती. सासूला बाटली सापडली. लेबल वाचायला तिने भाच्याला दिलं, त्याने मोबाइलवर नाव टाकलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की सुनेला 'ती बीमारी' आहे. जिला लागण होऊ नये म्हणून गोळी दिली, तिच्यावरच शिक्का बसला. चार दिवसांत तिला माहेरी पाठवून दिलं. आम्ही गेलो, बोललो, पण गोळी कशासाठी हे समजवायला तिच्या मुलालाच एचआयव्ही आहे हे सासूला सांगणं आमच्या हातात नव्हतं. एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि पॉझिटिव्ह माणसाच्या संमतीशिवाय त्याचं निदान तिसऱ्याला सांगता येत नाही. ते योग्यच आहे. ती अजून माहेरीच आहे.

तेव्हापासून बाटली देण्याआधी 'ही ठेवणार कुठे' हे आम्ही पहिलं विचारतो. बाईला हवं असेल तर लेबल काढतो. बाटली आणि आतली ओल शोषणारी पुडी मात्र तीच ठेवतो आणि नाव, तारीख, तुकडी आमच्या वहीत लिहितो. जिला घरात जागाच नाही तिची बाटली आमच्याकडे राहते, ती आठवड्याच्या बाजाराला येते आणि सात गोळ्या घेऊन जाते.

गावात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आहेत, तृतीयपंथी आहेत, ढाब्यांवरच्या बायका आहेत. त्यांच्यापर्यंत त्यांच्यातलेच कार्यकर्ते, म्हणजे पीअर, पोचतात आणि ते आमच्यापेक्षा चांगलं करतात, म्हणून इथे त्यावर लांबण लावत नाही. एकच सांगते : संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एकेक दिवसाने एकेक, अशी गोळी घ्यायची पद्धत पुरुषांसाठी आहे. ती ऐकून काही बायकाही तसंच करू लागल्या होत्या. बायकांना ती चालत नाही. रोजचीच घ्यावी लागते.

परत आल्यावर

त्या हंगामात कारखाने लवकर बंद झाले. मार्चअखेर दोघं गावी आली. एप्रिलमध्ये त्याचा व्हायरल लोड झाला, विषाणू आढळला नाही. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह. आमच्या हिशोबाने तिची गोळी म्हणजे त्या सहा महिन्यांच्या फटीवरचा पूल, आणि तो ओलांडून झाला होता. त्याचा व्हायरल लोड असाच राहिला तर काही महिन्यांत तिची गोळी थांबवता येईल, असं मी तिला सांगितलं.

ती नको म्हणाली. "त्यांची गोळी त्यांच्या हातात हाय ताई. माझी माझ्या हातात राहू द्या."

तो बाहेर बाकावर बसला होता. ती त्याच्यावर रागावलेली नव्हती, त्याला सोडायचंही तिच्या मनात नव्हतं. पण डिसेंबरमधले ते चार दिवस तिला आठवत होते. पुढच्या हंगामात पेटी पुन्हा हरवली, तो पुन्हा आठ दिवस विसरला, तर? शिवाय मूल हवं होतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ही गोळी चालते, आणि नेमकी त्याच काळात आईला नवी लागण झाली तर बाळाला धोका फार वाढतो. डॉक्टरांशी बोलून आम्ही गोळी चालू ठेवली. पूल कुठे संपतो हे ठरवायचा हक्क तिचा आहे, असं मला आता ठाम वाटतं.

आमचंही वेळापत्रक बदललं. पूर्वी आमच्या बैठका डिसेंबर-जानेवारीत व्हायच्या, म्हणजे नेमकी माणसं गावात नसताना. आता ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा हंगाम. उचल वाटली जात असते तेव्हाच तपासणी, तेव्हाच गोळीची चर्चा, निघायच्या आधी दुसरी तपासणी आणि तीन बाटल्या. ऊसपट्ट्यातल्या ताईंचे नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून देतो. उपचार मोफत देणाऱ्या यंत्रणेने ही गोळीसुद्धा एआरटी सेंटरच्याच खिडकीवर, किमान अशा जोडप्यांच्या निगेटिव्ह जोडीदाराला, मोफत द्यावी, ही आमची मागणी आहे. देणगीच्या पैशावर चार-दोन बायका निभावतात, तालुका निभावत नाही.

या गोळीच्या जागी आणखी काही येऊ घातलं आहे. लेनाकापाव्हिर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. आफ्रिकेतल्या अभ्यासात ते घेतलेल्या 2,134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत जून 2025 मध्ये ते मंजूर झालं आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. जेनेरिक बनवण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला त्यांत डॉ. रेड्डीज, हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर आहे. वर्षाला 40 डॉलर असा जेनेरिकचा भाव 2027 पासून मिळेल, असं जाहीर झालं आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती पत्र्याची पेटी आली. दसऱ्याला एक इंजेक्शन, गुढीपाडव्याला परतल्यावर दुसरं. लपवायला बाटली नाही, वाजायला गोळ्या नाहीत. आमच्या तालुक्यात ते यावं म्हणून मी आत्तापासून दारं ठोठावते आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टीने आमच्या भागात होत्याचं नव्हतं केलं. पाणी ओसरल्यावर ती आली, सोबत टोळीतली आणखी एक बाई. आधी तिने त्या बाईला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "हिचं ऐकून घ्या आधी." तासभर आमचं बोलणं झालं, ती मुलीला घेऊन दाराशी बसून राहिली. मग तिची तपासणी केली, रिपोर्ट निगेटिव्ह होता, तिच्या बाटल्या तिला दिल्या. उठायच्या आधी तिने पिशवीतून लाल दोरा आणि कापूस काढला. दोरा बांधला, बोळा दाबून बसवला, झाकण लावलं आणि बाटली कानाशी नेऊन एकदा हलवून पाहिली.